जपानी गोल्फ क्लब निवडताना: आधी वेग, मग पातळी, ब्रँड सगळ्यात शेवटी

"मिझुनो घेऊ की होन्मा?" जपानी क्लब घ्यायचे ठरवलेले बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि इथेच फसतात. या दोन्ही कंपन्या शंभर फटक्यांच्या आत फेरी संपवायला धडपडणाऱ्यासाठीही क्लब बनवतात आणि व्यावसायिक खेळाडूसाठीही. त्यामुळे कंपनीचं नाव कळल्याने तुमच्या हातात काय बसेल हे कळत नाही.

चुका साधारण दोन प्रकारच्या होतात. तिशीतला दणकट नवशिका "चुका सांभाळून घेतो" असं ऐकून पिसासारखा हलका, महागडा झेक्सिओ संच घेतो आणि चेंडू डावीकडे गुंडाळत राहतो. दुसरीकडे साठी ओलांडलेले, चांगलं खेळणारे काका "जपानी म्हणजे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले)" म्हणून पातळ टॉपलाइनचे (वरच्या कडेचे) ब्लेड, म्हणजे चुका न सांभाळणारे सडपातळ आयर्न, आणि जड स्टील शाफ्ट (दांडा) घेतात, मग सात नंबरने जेमतेम सहा-आठ फूट उंच चेंडू मारतात. दोघांचेही क्लब वर्षभरात विकायला निघतात.

मूळ एकच. जपानमध्ये क्लबांची विभागणी दोन मापांवर होते: तुम्ही क्लब किती वेगाने फिरवता आणि चेंडू किती सातत्याने फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) मध्यावर घेता. आपण या दोन्हींची खिचडी करून "बिगिनर की अ‍ॅडव्हान्स्ड" एवढंच विचारतो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला की पुढची तुलना फोल ठरते.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी स्वतःची मोजणी

वेग. जपानी कॅटलॉगमध्ये ड्रायव्हरचा हेड स्पीड मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो, आपल्याकडचे कोच मैल प्रति तासात बोलतात. रूपांतर सोपं आहे, मीटरच्या आकड्याला २.२४ ने गुणायचं. म्हणजे ३५ मीटर म्हणजे साधारण ७८ मैल, ४० म्हणजे ८९-९० आणि ४५ म्हणजे १०१ च्या आसपास. लाँच मॉनिटर (क्लबचा वेग आणि चेंडूची उडी मोजणारं यंत्र) असलेल्या रेंजवर हे लगेच कळतं. पीआरजीआरचा छोटा रडार कुणाकडे असेल तर तोही पुरतो.

इथे लोक स्वतःशीच खोटं बोलतात. दहा स्विंग करा, सगळ्यात जोरकस दोन बाजूला काढा आणि उरलेल्या आठांची सरासरी घ्या. मित्रांसमोर एकदा मारलेला सर्वोच्च आकडा क्लब निवडायला निरुपयोगी आहे, कारण चौदाव्या होलवर, उन्हात, तो स्विंग तुमच्याकडे नसतो.

ठसा. सात नंबर आयर्नच्या फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे उडवा किंवा व्हाइटबोर्ड मार्करने फेस रंगवा. प्रत्येक फटक्यानंतर ठसा पाहा, फोटो काढा, पुसा, पुन्हा रंगवा. दहा फटक्यांचे फोटो शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. बहुतेक ठशांचे मध्यबिंदू एका रुपयाच्या नाण्यात मावत असतील तर तुमचा फटका सातत्याचा आहे. ठसे हीलपासून (फेसची शाफ्टकडची बाजू) टोपर्यंत (शाफ्टपासून लांबची बाजू) पसरले असतील तर तो तसा नाही, मग स्कोअर कितीही चांगला असो. ठसे एकत्र आहेत पण सगळेच हीलकडे सरकलेत, असंही होतं. तो क्लबच्या लांबीचा किंवा उभं राहण्याच्या अंतराचा प्रश्न असू शकतो, त्यासाठी लगेच मोठं हेड घ्यायला धावू नका.

नेहमीची चूक. उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, खालून जमीन खणली जाते की वरून टोला बसतो? एकच उत्तर लिहा, सगळ्यात जास्त वेळा होणारं.

अंग. बूट घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. उंचीही लिहा. लाय (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) आणि लांबी ठरवताना हे लागेल.

सध्याचा संच. शाफ्टवरच्या लेबलचा फोटो काढा आणि आपल्या मॉडेलचे लॉफ्ट (फेस किती मागे कललाय त्याचे अंश) शोधून लिहून ठेवा. हे नसेल तर नवा क्लब "दहा यार्ड लांब जातो" याला काहीच अर्थ नाही. का, ते चौथ्या टप्प्यात.

> पडताळणी: वेग, ठसा, चूक, मनगटाची उंची, जुने लॉफ्ट. पाचही गोष्टी कागदावर आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आपला चौकोन ओळखा

जपानी गोल्फर आपली पातळी हँडिकॅपपेक्षा स्कोअरने सांगतो: शंभर फोडले, नव्वद फोडले, मग सिंगल (हँडिकॅप दहाच्या आत). माप म्हणून ठीक आहे, पण क्लब निवडताना मी त्याला दुसरं स्थान देतो. चिपिंग आणि पटिंगच्या जोरावर ८८ करणाऱ्याचे आयर्नचे ठसे कधीकधी शंभरवाल्यापेक्षा विखुरलेले असतात. आयर्न निवडायला ठसेच पाहावेत.

वेग आणि ठसा एकत्र मांडले की चार चौकोन तयार होतात.

१. वेग कमी (३८-३९ मीटरच्या आत), ठसे विखुरलेले. उशिरा खेळायला लागलेले, बऱ्याच महिला, बरेच ज्येष्ठ.

२. वेग कमी, ठसे एकत्र. जुने खेळाडू. अंगातला जोर उतरला, पण हात पक्का. सल्ला देणारे यांनाच सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला देतात.

३. वेग जास्त (४२ च्या पुढे), ठसे विखुरलेले. क्रिकेट, हॉकी किंवा टेनिसमधून आलेले तरुण. आपल्याकडे हा गट मोठा आहे आणि "नवशिका आहे ना, मग हलका क्लब घे" या सल्ल्याचा बळीही हाच.

४. वेग जास्त, ठसे एकत्र. सिंगल हँडिकॅपच्या आसपासचे.

३९ ते ४२ च्या मधल्या पट्ट्यात असाल तर नेहमीची चूक पाहा. चेंडू उजवीकडे आणि कमी उंच जात असेल तर स्वतःला खालच्या वेगात धरा, डावीकडे आणि उंच जात असेल तर वरच्या.

## टप्पा ३: चौकोनानुसार घराणी निवडा

आता कुठे ब्रँडची नावं. तीही मॉडेलच्या घराण्यासकट, नुसती नाहीत.

पहिला चौकोन: सुमितोमो रबरचा झेक्सिओ, होन्माचा बेरेस, योनेक्सचा ईझोन, पीआरजीआरचा एग. रुंद सोल (हेडचा तळ), गुरुत्वमध्य खाली, हलके ग्राफाइट शाफ्ट. कमी वेगातही चेंडू उचलणं हेच यांचं काम. महिलांसाठी यातल्या बहुतेकांचे वेगळे संच निघतात. पुरुषांचा क्लब कापून आखूड करण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण नुसतं कापल्याने शाफ्ट उलट कडक होतो.

दुसरा चौकोन: झेक्सिओतला एक्स, मिझुनो प्रो २४५, किंवा स्रिक्सन झेडएक्स५ सारखं हेड हलक्या शाफ्टसह. हेड थोडं आटोपशीर दिसतं, खेळणाऱ्याला चेंडू वळवता येतो आणि फेस अजूनही मदतीला असतो. इथे हेडपेक्षा शाफ्टचं वजन निर्णायक.

तिसरा चौकोन: मिझुनोचा जेपीएक्स हॉट मेटल, स्रिक्सन झेडएक्स४ किंवा झेडएक्स५. हेड मोठं, चुका सांभाळणारं, पण शाफ्ट मात्र वजनदार स्टीलचा. पहिल्या चौकोनाचं हेड आणि चौथ्याचा शाफ्ट यांची सांगड घातली की या गटाचं भलं होतं. दुकानात असा संच तयार मिळाला नाही तर ऑर्डर द्यावी लागते. ती तसदी घ्या.

चौथा चौकोन: मिझुनो प्रो २४१ आणि २४३, स्रिक्सन झेडएक्स७, ब्रिजस्टोन २४१सीबी, होन्माचे टीडब्ल्यू मालिकेतले, मिउराचे सीबी. या गटात हेडांमधला फरक प्रत्यक्षात कमी आणि आवडीचा भाग जास्त. टॉपलाइन डोळ्याला पटते का, सोल जमिनीतून कसा निघतो, एवढं पाहिलं तरी चालतं.

तीन सापळे:

- होन्माचे तारे. बेरेसवर दोन, तीन, चार, पाच तारे असतात. ते सजावटीचा आणि शाफ्टच्या दर्जाचा वर्ग सांगतात, खेळाची पातळी नाही. पाच तारे घेतल्याने स्कोअर उतरत नाही, बँकेतली शिल्लक उतरते.
- फोर्ज्ड म्हणजे अवघड, कास्ट (साच्यात ओतलेला) म्हणजे सोपा. आता असं राहिलेलं नाही. झेडएक्स५ ची बॉडी फोर्ज्ड आहे, फेस वेगळ्या कठीण पोलादाचा, आणि तो मधल्या पातळीला उत्तम चालतो. धातू कसा घडवला यापेक्षा वजन हेडमध्ये कुठे ठेवलंय ते पाहा.
- मात्सुयामाचा क्लब. हिदेकी मात्सुयामाने २०२१ चा मास्टर्स स्रिक्सनच्या ब्लेड आयर्नने जिंकला. त्याच कंपनीचा क्लब घ्या, हरकत नाही. तेच मॉडेल घेण्याआधी पहिल्या टप्प्यातले ठशांचे फोटो एकदा पुन्हा उघडा.

दोन, फार तर तीन मॉडेल निवडा. पाच-सहा घेऊन रेंजवर गेलात तर शेवटी दिसायला छान असलेलाच घरी येतो.

## टप्पा ४: नंबर झाका, लॉफ्ट वाचा

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. सोलवर कोरलेला "७" हा प्रमाणित आकडा नाही. कंपनीने कोणत्या लॉफ्टला सात म्हणायचं ते तिच्या मर्जीवर आहे. सात नंबरचे हे लॉफ्ट पाहा:

- मिझुनो प्रो २४१: ३४ अंश
- मिझुनो प्रो २४३: ३२ अंश
- स्रिक्सन झेडएक्स७ मार्क टू: ३२ अंश
- स्रिक्सन झेडएक्स५ मार्क टू: ३१ अंश
- मिझुनो प्रो २४५: ३० अंश
- झेक्सिओ १३: २८ अंश

पहिल्या आणि शेवटच्या ओळीत सहा अंशांचा फरक आहे. म्हणजे झेक्सिओचा सात नंबर हा २४१ च्या मापाने पाच आणि सहाच्या मधला क्लब झाला. तो वीस यार्ड लांब गेला तर त्यात जादू काही नाही. दुकानात मात्र "पाहा, सात नंबरने किती गेला" हे वाक्य रोज विकलं जातं.

जपानी वाचता येत नसलं तरी कंपनीच्या तक्त्यातले आकडे वाचता येतात. क्लबचा नंबर, मग अंशांमध्ये लॉफ्ट आणि लाय, इंचात लांबी आणि शेवटी सी९, डी०, डी२ असा स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड भासतं त्याचं माप), एवढं तरी तिथे असतंच. अंशांच्या दोन आकड्यांत साठीच्या पलीकडचा तो लाय, लहान तो लॉफ्ट.

करायचं असं: प्रत्येक उमेदवाराच्या संचातून एकसारख्या लॉफ्टचा क्लब काढा. २४१ चा सात (३४ अंश) पाहत असाल तर समोर झेक्सिओचा आठ किंवा नऊ, जो ३४ च्या जवळ असेल तो. नंबरवर कागदी टेप लावा. टेप लावल्याशिवाय डोकं ऐकत नाही.

> सावधान: लॉफ्ट कमी म्हणजे वाईट क्लब, असा उलटा निष्कर्षही नको. गुरुत्वमध्य फार खाली असेल तर त्याच लॉफ्टला चेंडू जास्त उंच उडतो, म्हणून कंपनी लॉफ्ट कमी करते. प्रश्न एवढाच, की तुमच्या वेगात तो खरंच उंच उडतो का. ते सहाव्या टप्प्यात मोजायचं आहे.

## टप्पा ५: शाफ्ट, आधी वजन मग कडकपणा

फ्लेक्सच्या (शाफ्टच्या कडकपणाच्या) अक्षराने सुरुवात करू नका. आर (मऊ), एसआर, एस (कडक) ही अक्षरंही प्रमाणित नाहीत. जपानी बाजारातल्या ग्राफाइट शाफ्टचा "एस" अमेरिकी बाजारातल्या "एस"पेक्षा बहुधा मऊ असतो. अमेरिकेतल्या भाच्याने "मी एस वापरतो, तुम्हीही तेच घ्या" म्हटलं तर कोणत्या बाजारातला ते विचारा. एसआर हा आर आणि एसच्या मधला टप्पा जपानी दुकानात सहज मिळतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच क्लब गोल्फर्सना तोच बसतो.

जपानी शाफ्टांसाठी ढोबळ अंदाज: ३६ ते ४० मीटरला आर, ३९ ते ४३ ला एसआर, ४२ ते ४६ ला एस. आकडे एकमेकांवर चढलेले आहेत, ते मुद्दामच.

त्याआधी वजन. निप्पॉन शाफ्टचा एन.एस.प्रो ९५०जीएच शंभर ग्रॅमच्या आतला स्टील शाफ्ट आहे. आर साधारण ९४-९५ ग्रॅम, एस ९८. त्याच कंपनीचा मोडस३ टूर १२० एस फ्लेक्समध्ये ११४ ग्रॅमच्या आसपास भरतो. नावातला १२० पाहून वजन धरू नका, तो मॉडेलचा क्रमांक आहे. अमेरिकी डायनॅमिक गोल्ड एस२०० तर १३० च्या घरात जातो.

पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनाला ग्राफाइट किंवा फार तर ९५०जीएचच्या वजनाचा स्टील. तिसऱ्याला ९५ ते ११५ ग्रॅममध्ये शोधायला हवं. त्यांना हलका शाफ्ट दिला की हात पुढे पळतात आणि फेस बंद होतो. चौथ्याने १०५ पासून वर पाहावं.

ड्रायव्हर आणि आयर्नची वजनं एका ओळीत हवीत. ड्रायव्हरचा शाफ्ट पन्नाशीतल्या ग्रॅमचा असेल तर आयर्नला ८० ते १०० ग्रॅमचा शोभतो, साठीतला असेल तर १०० ते ११५ चा. ड्रायव्हर चाळीस ग्रॅमचा आणि आयर्न १३० चा, अशी जोडी पुष्कळांच्या बॅगेत असते. मग एकाच फेरीत एक क्लब उजवीकडे आणि दुसरा डावीकडे मारतो, आणि दोष मात्र स्विंगला दिला जातो.

मिझुनोच्या अधिकृत फिटरकडे शाफ्ट ऑप्टिमायझर नावाचं उपकरण लावलेला क्लब असतो. तीन स्विंगमध्ये तो वेग, टेम्पो वगैरे मोजून शाफ्टची यादी देतो. मिझुनो घ्यायचा नसला तरी त्या यादीतलं वजन लिहून आणा.

## टप्पा ६: रेंजवर तुलना

१. अंग मोकळं होईपर्यंत स्वतःच्या जुन्या क्लबने मारा. थंड अंगाने मारलेल्या पहिल्या क्लबवर नेहमी अन्याय होतो.

२. सगळ्यांना एकच चेंडू. रेंजचे चेंडू कमी उडतात, त्यामुळे यार्डांचा आकडा खरा मानू नका, दोन क्लबांमधला फरक तेवढा पाहा.

३. आलटूनपालटून मारा. पाच फटके पहिल्याने, पाच दुसऱ्याने, पाच जुन्या क्लबने, मग पुन्हा पहिल्याने. एकाच क्लबने सलग तीस मारले की तो क्लब चांगला वाटायला लागतो, कारण तुम्हीच त्याला जुळवून घेतलेलं असतं.

४. जमलेला एखादा फटका बाजूला ठेवा. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यांच्यातलं अंतर लिहा, आणि डावी-उजवी पसरण लिहा. ज्याचा सगळ्यात वाईट फटका कमी वाईट, तो पुढे.

५. लाँच मॉनिटरवर चेंडू उतरण्याचा कोन पाहा. सात नंबरला तो ४५ अंशांच्या जवळ असेल तर चेंडू ग्रीनवर थांबण्याची आशा ठेवता येते. चाळिशीच्या खाली असेल तर तो क्लब कितीही लांब जावो, चेंडू ग्रीनवरून पलीकडे घरंगळणार. कमी वेगाच्या खेळाडूला कमी लॉफ्टचा क्लब देताना हीच गोष्ट झाकली जाते.

६. पुन्हा फेस रंगवा आणि ठसे पाहा. नव्या क्लबने ठसे एकत्र आले की पसरले?

> सावधान: चटईवर मागे जमीन लागली तरी क्लब घसरून चेंडूवर येतो आणि फटका बरा वाटतो. निवडलेला क्लब गवतावर मारून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. डेमो क्लब एका दिवसासाठी मागा, पुष्कळ ठिकाणी अनामत घेऊन देतात.

## टप्पा ७: मधल्या जागा आणि आपली जमीन

जपानी आयर्न संच बहुधा पाच ते पीडब्ल्यू (पिचिंग वेज) किंवा सहा ते पीडब्ल्यू असा येतो. एडब्ल्यू (अ‍ॅप्रोच वेज) आणि एसडब्ल्यू (सँड वेज) सुटे विकतात. कमी लॉफ्टच्या संचात पीडब्ल्यूच ४३ अंशांच्या आसपास असतो. तुमचा जुना सँड वेज ५६ चा असेल तर मध्ये तेरा अंशांचं भगदाड पडतं, आणि नेमकं शंभर यार्डांच्या आतच हातात क्लब नसतो. अशा वेळी त्याच संचातला एडब्ल्यू आधीच घ्या. मागाहून तोच शाफ्ट, तेच मॉडेल मिळेल याची खात्री नाही.

लॉफ्ट कागदावर उतरत्या क्रमाने लिहा. दोन शेजाऱ्यांत चार ते सहा अंश असावेत. एकूण क्लब चौदापेक्षा जास्त नकोत, हा नियमच आहे. लांब आयर्नच्या जागी जपानी यादीत "यूटी" दिसेल, तो आपला हायब्रिड.

आता सोल. जपानमध्ये फेअरवेवर बहुधा नोशिबा किंवा कोराई जातीचं ताठ गवत असतं, चेंडू त्यावर अलगद बसून राहतो. आपल्याकडच्या बर्म्युडावर तो खाली बसतो, मे महिन्यात जमीन टणक असते आणि जुलैत चिखल. जपानी परीक्षणात "सोल सुंदर निघतो" असं वाचलंत तर ते त्यांच्या गवताबद्दल आहे. खारघर किंवा येरवड्याच्या कोर्सवर भर पावसाळ्यात खेळणाऱ्याला सँड वेजला १२ ते १४ अंश बाउन्स (सोलचा मागचा भाग पुढच्या कडेखाली उतरण्याचा कोन) सोयीचा पडतो. उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर तोच उसळून चेंडूच्या पोटात बसतो, तिथे ८ ते १० बरा. दोन्ही ऋतूंत खेळणाऱ्याने दोन वेज वेगवेगळ्या बाउन्सचे ठेवावेत. एकातच दोन्ही शोधत बसू नये.

## टप्पा ८: ड्रायव्हर

इथे थोडक्यात दोनच गोष्टी.

एक, जपानमध्ये नियमबाह्य उच्च-प्रतिसादाचे (फेसवरून चेंडू जास्त उसळवणारे) ड्रायव्हर उघडपणे विकले जातात. पीआरजीआरचा सुपर एग हे ठळक उदाहरण. घरच्या खेळाला हरकत नाही, पण क्लबच्या स्पर्धेत आणि हँडिकॅपच्या फेरीत चालत नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए च्या संकेतस्थळावर मान्य ड्रायव्हर हेडची यादी आहे. हेडवर कोरलेला मजकूर आणि लॉफ्ट त्या यादीशी अक्षरशः जुळवा.

दुसरं, हलके जपानी ड्रायव्हर बरेचदा पावणेसेहेचाळीस-सेहेचाळीस इंच लांब असतात. ठसे विखुरलेल्या माणसाने ग्रिपवर इंचभर खाली धरून मारून पाहावं. सरळ जायला लागला तर तीच तुमची लांबी.

## टप्पा ९: खरेदी

नवा संच भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला तर वॉरंटी आणि फिटिंग मिळतं, किंमत जास्त. जपानमध्ये जुन्या क्लबांचा बाजार मोठा आहे, गोल्फ पार्टनरसारख्या साखळ्यांची दुकानं गावोगाव आहेत. जुना संच पाहताना:

- ए, बी, सी असा दर्जा प्रत्येक दुकान आपापल्या हिशेबाने देतं. फोटोत फेसच्या खाचा आणि सोलची पुढची कड मोठी करून पाहा.
- शाफ्ट मूळचाच आहे का, कापलाय का, लाय बदललाय का, हे तिन्ही प्रश्न लिहून विचारा.
- डावखुऱ्यांना निवड फार कमी मिळते. मॉडेल ठरवण्याआधी डाव्या हाताचं निघतं का ते बघा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.
- होन्मा, मिउरा, झेक्सिओ यांच्या नकला फिरतात. नवाकोरा संच निम्म्या किमतीत म्हणजे नकली समजा. होजलवरचा (शाफ्ट जिथे हेडमध्ये बसतो त्या नळीवरचा) क्रमांक कंपनीकडे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे तपासून घ्या.

जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. पर्यटकाला तो माफ होतो, तिथे राहणाऱ्याला नाही. टोकियोतल्या निशि-कासाईत राहणाऱ्या भावाला "आण रे माझ्यासाठी" म्हटलं तर त्याला पूर्ण कर भरावा लागेल. तुम्ही भेटीला गेलात आणि स्वतःच्या पासपोर्टवर घेतलंत तर सूट मिळते. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना विमानतळावर परत मिळवायचा, अशी पद्धत ठरली आहे. त्यामुळे सामान चेक-इन करण्याआधी कस्टमकडे जायला वेळ ठेवा. क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत. ड्रायव्हरचं हेड सुटं होत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा. भारतात उतरल्यावर दाखवायला पावती हाताशी असू द्या.

## टप्पा १०: पहिला महिना

लाय तपासा. चेंडूवर मार्करने उभी जाड रेघ काढा, ती फेसच्या दिशेला ठेवून मारा. फेसवर उमटलेली रेघ खाचांना काटकोनात असेल तर ठीक. रेघेचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जाणार. हीलकडे झुकलं तर उलट. मऊ पोलादाचे एकसंध फोर्ज्ड आयर्न अंश-दोन अंश वाकवता येतात. कास्ट स्टेनलेस आणि वेगळा कठीण फेस बसवलेले क्लब वाकवण्याआधी कंपनीची मर्यादा विचारा. जबरदस्तीने होजलला तडा जातो.

ग्रिप. जपानी संचावर आलेली ग्रिप बऱ्याचदा बारीक आणि हलकी असते. मोठ्या हाताच्या माणसाने टेपचा एखादा थर वाढवून बसवून घ्यावी. जाड, जड ग्रिप घातली की स्विंगवेट कमी होतो आणि हेड हलकं भासतं, हे लक्षात असू द्या.

पाऊस आणि ऊन. क्रोम चढवलेले आयर्न मुंबईच्या दमटपणातही टिकतात. प्लेटिंग नसलेले वेज मात्र एका रात्रीत तांबूस होतात. फेरीनंतर कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या हेडवर कव्हर चढवू नका. उन्हाळ्यात संच गाडीच्या डिकीत ठेवू नका. हेड आणि शाफ्ट जोडणारा इपॉक्सी उष्णतेने मऊ होतो. फेरूल (होजलच्या तोंडाशी असलेली प्लास्टिकची कडी) होजलपासून केसभर वर सरकलेली दिसली तर तो क्लब फिरवू नका, आधी पुन्हा चिकटवून घ्या.